हुकूम तोंडी, शिक्षा लेखी

५ टक्के माणसं आपल्याच तोफांच्या माऱ्यात जातील. मधली मोकळी जमीन ओलांडताना आणखी १० टक्के. काटेरी तारांपाशी २० टक्के. उरले ६५ टक्के, आणि सगळ्यात अवघड काम तर उरकलेलं असेल. प्रत्यक्ष टेकडी घेताना अजून २५ टक्के पडले असं धरलं, तरी ती राखायला पुरेसं बळ हाताशी राहतंच. स्टॅनली कुब्रिकच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) या पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैन्यावरच्या चित्रपटात जनरल मिरो खंदकातल्या अंधाऱ्या खोलीत कर्नल डॅक्सला हा हिशेब ऐकवतो. पेरणीआधी बियाण्याचा अंदाज बांधावा, इतक्या सहज. म्हणजे माझी निम्म्याहून जास्त माणसं मरणार, असं डॅक्स म्हणतो. किंमत जबर आहे खरी, पण टेकडी तर मिळेल, असं मिरोचं उत्तर.

हाच मिरो थोड्या वेळापूर्वी वेगळं बोलत होता. ही टेकडी आत्ता घेणं अशक्य आहे, माझे लोक दमलेत, असं त्याने वरिष्ठ जनरल ब्रूलारला स्वच्छ सांगितलं होतं. ब्रूलारने बढतीचा विषय हलकेच काढला. जोर केला नाही, धमकी दिली नाही. आलिशान हवेली, झुळझुळीत पडदे, दोन सुसंस्कृत माणसं. चार येरझाऱ्यांत मिरोचं 'अशक्य' गळून पडलं. सेनापती कसा चुकतो हे दाखवायला कुब्रिकला रणांगण लागत नाही, दिवाणखाना पुरतो.

हल्ला व्हायचा तसाच होतो. समोरून मारा इतका, की काही तुकड्यांना खंदकातून डोकंही वर काढता येत नाही. दुर्बिणीतून पाहणारा मिरो खवळतो आणि आपल्याच खंदकांवर तोफा डागायचा हुकूम देतो. तोफखान्याचा कॅप्टन रूसो फोनवर सांगतो: लेखी हुकूम द्या, सहीनिशी. मिरो ओरडतो, धमकावतो. रूसो आपल्या मागणीवरून हलत नाही, आणि तोफा गप्प राहतात. चित्रपटात रूसोच्या वाट्याला मोजके क्षण आले आहेत. मला मात्र तो डॅक्सइतकाच मोठा वाटतो. अन्यायी हुकुमापुढे छाती काढून उभं राहणं प्रत्येकाला साधत नाही. कागद मागणं साधू शकतं. ज्या माणसाला आपली सही द्यावी लागते त्याला आपण काय करतोय ते एकदा तरी वाचावं लागतं.

तोफा चालल्या नाहीत तेव्हा न्यायालय चालवायचं ठरतं. भित्रेपणाबद्दल गोळ्या घालायला मिरोला शंभर माणसं हवी असतात. भाजीबाजारात चालावी तशी घासाघीस होऊन आकडा तीनवर येतो: पहिल्या फळीतल्या तीन कंपन्या, प्रत्येकी एक. निवड कशी होते ते पाहण्यासारखं आहे. एक लेफ्टनंट आपल्या कॉर्पोरल पॅरिसचं नाव देतो, कारण आदल्या रात्री दारूच्या नशेत भेदरून त्या लेफ्टनंटने आपलाच एक शिपाई हातबॉम्बने मारला होता आणि पॅरिसला ते कळलं होतं. दुसरा अधिकारी चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठी आर्नोची निघते, ज्याला शौर्याबद्दल दोनदा गौरवलं गेलं होतं. तिसरा फेरोल, समाजात न बसणारा म्हणून. खटल्यात आरोपपत्र वाचून दाखवत नाहीत, कारण ते लांब आहे. कामकाजाची नोंद होत नाही. आर्नोचं पूर्वीचं शौर्य विचारात घ्यायचं नाही, कारण प्रश्न कालच्या भित्रेपणाचा आहे. संगमरवरी फरशी, उंच छत, दूरवर घुमणारे आवाज. एवढ्या देखण्या जागेत एवढं ओंगळ काम चाललेलं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

गोळ्या घालायच्या आदल्या रात्री कोठडीत पॅरिसला एक झुरळ दिसतं. उद्या हे झुरळ जिवंत असेल आणि माझ्या बायकोमुलाशी त्याचा माझ्यापेक्षा जास्त संबंध असेल, असं काहीसं तो पुटपुटतो. फेरोल हात आपटून ते झुरळ चिरडतो. आता तू त्याच्या पुढे, असं सांगतो. आर्नोची गोष्ट याहून भीषण. कोठडीतल्या झटापटीत त्याच्या कवटीला तडा गेलेला. बेशुद्धीतच त्याला स्ट्रेचरला बांधून वधस्तंभापाशी उभा करतात. गोळी लागताना तो शुद्धीवर असायला हवा, म्हणून त्याचे गाल चिमटतात. नियम पाळला गेला पाहिजे! आणि नंतर न्याहारीला बसलेला मिरो त्या तिघांच्या मरणाचं कौतुक करतो.

ही कल्पना कुणा पटकथाकाराला रिकामपणी सुचलेली नाही. शाँपाञ प्रांतातल्या सुएँ गावाजवळ १० मार्च १९१५ रोजी फ्रेंच सैन्याच्या ३३६व्या पायदळ पलटणीतली २१वी कंपनी असाच हल्ला करू शकली नाही. जनरल रेव्हेयाकने आपल्याच खंदकांवर तोफा लावायला सांगितलं, आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्याने खरोखरच लेखी हुकूम मागून नकार दिला. मग २४ जणांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं गेलं. १७ मार्चला चार कॉर्पोरलना गोळ्या घातल्या: तेओफिल मोपास, लुई लफुलाँ, लुई जिरार आणि ल्युसियाँ लेशा. मोपास चाळिशीचा शाळामास्तर होता. त्याची बायको ब्लाँश हीदेखील शिक्षिका. नवऱ्याच्या कपाळावरचा भित्रेपणाचा शिक्का पुसायला ती जवळजवळ वीस वर्षं लढली. दारं ठोठावली, अर्ज केले, फेटाळले गेले की पुन्हा केले. शेवटी १९३४मध्ये खास न्यायालयाने त्या चौघांना निर्दोष ठरवलं आणि दोन विधवांना नुकसानभरपाई दिली, प्रत्येकी एक फ्रँक. रेव्हेयाकला मात्र पुढे लिजन ऑफ ऑनरमधला वरचा किताब मिळाला होता.

त्या एका फ्रँकची बातमी अमेरिकी वर्तमानपत्रात आली. ती वाचून हम्फ्री कॉबने १९३५मध्ये कादंबरी लिहिली आणि कुब्रिकचा चित्रपट तिच्यावर बेतला. फ्रान्समध्ये तो पडद्यावर यायला १९७५ साल उजाडलं. ज्या देशाने १९३४मध्ये आपल्या न्यायालयाची चूक कबूल केली होती, त्याला ती चूक अंधाऱ्या सभागृहात लोकांसोबत बसून पाहायला आणखी चार दशकं लागली. न्यायालयात कबुली देणं एक वेळ सोपं असतं, ती चार भिंतींत राहते.

लेखी हुकुमाची दुसरी बाजू 'ब्रेकर मोरंट' (१९८०) या ऑस्ट्रेलियन चित्रपटात दिसते. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड. बोअर युद्धात कैद्यांना ठार मारल्याबद्दल लेफ्टनंट मोरंट आणि हँडकॉक यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. कैदी करू नका, असा वरून आलेला हुकूम आमच्या कॅप्टनने आम्हाला सांगितला होता, असा त्यांचा बचाव. तो कॅप्टन तोवर मारला गेला होता आणि कागद कुठेच नव्हता. चित्रपट या दोघांकडे जरा जास्तच झुकतो असं माझं मत आहे. कैद्यांना मारणं हा खूनच, आणि ज्याने तो केला तो निर्दोष ठरत नाही. पण ब्रिटिश सेनापती किचनरपर्यंत प्रश्न पोहोचतच नाही, शिडी दोन लेफ्टनंटांपाशी संपते, ही चित्रपटाची तक्रार शंभर टक्के खरी आहे. हुकूम तोंडाने खाली उतरतो आणि उतरता उतरता पुसला जातो. शिक्षा मात्र कागदावर येते, शिक्क्यासह.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे युद्धपटांना तोटा नाही. चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) हा १९६२च्या चीन युद्धाच्या जखमेवरचा पहिला मोठा चित्रपट, अजूनही डोळे भरून येतात. पण ती माणसं तिथे, त्या अवस्थेत, कुणाच्या निर्णयाने उभी होती, हा प्रश्न तो शेवटपर्यंत लावून धरत नाही. कैफी आझमींच्या शेवटच्या गाण्यात सगळा हिशेब वीरमरणात जमा होतो. युद्ध नुकतंच संपलं होतं, घराघरांत सुतक होतं. तेव्हा चेतन आनंद यांना दोष देणं मला जमणार नाही. दोष पुढच्या साठ वर्षांचा आहे.

कारण १९६२मध्येही एक लेखी हुकूम होता. २२ सप्टेंबरला दिल्लीत बैठक झाली. पंतप्रधान नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन दोघेही परदेशात. चिन्यांना ईशान्य सीमेवरच्या थाग ला परिसरातून हाकलायचं ठरलं, तेव्हा लष्करप्रमुख जनरल थापर यांनी हा हुकूम लेखी मागितला. संरक्षण मंत्रालयातल्या सहसचिवाच्या सहीने तो मिळाला. इथे मला रूसो आठवतो आणि अस्वस्थ व्हायला होतं. रूसोने कागद मागितला तो तोफ थांबवण्यासाठी. दिल्लीत कागद मिळाला आणि हुकूम जसाच्या तसा खाली गेला, डोंगरावरून घरंगळणाऱ्या दगडासारखा, थेट नामका चू नदीच्या काठापर्यंत.

तिथे ब्रिगेडियर जॉन दळवींची ७ ब्रिगेड होती. दरीच्या तळाशी, नदीला लागून. वर थाग लाच्या धारेवर चिनी. सुती कपडे, अपुरी काडतुसं, तोफांचं पाठबळ जवळजवळ नाहीच. जागा सोडून मागे चांगल्या ठिकाणी जाऊ द्या, असं खालून सांगितलं जात होतं. नव्याने उभारलेल्या ४ कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कौल आजारी पडून दिल्लीला गेले होते आणि घरातल्या बिछान्यावरून हुकूम सोडत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला आला. ब्रिगेड काही तासांत मोडली, दळवी २२ तारखेला चिन्यांच्या हाती लागले. सुटकेनंतर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. आपल्या मरणाऱ्या माणसांची इतकी तळमळ आणि वरिष्ठांवर इतका संताप एकाच पुस्तकात फार क्वचित सापडतो.

त्यानंतर कुणाला जाब विचारला गेला? मेनन यांचं मंत्रिपद गेलं. कौल सेवेतून बाहेर पडले. थापर यांनी राजीनामा दिला आणि पुढे ते अफगाणिस्तानात राजदूत झाले. कोर्ट मार्शल एकाही वरिष्ठावर नाही. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं आपण महाराष्ट्रात अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्रिपद घेतलं आणि मोडलेलं लष्कर पुन्हा उभं केलं, हे खरंच आहे. पण लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केलेल्या चौकशीचा अहवालही त्यांच्याच काळात बंद झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. मूळ अहवाल मांडला नाही. तेव्हाची अडचण मी समजू शकतो. सीमा तापलेली होती, सैन्य खचलेलं होतं. पण २०१०मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की यातला मजकूर आजही लष्करी दृष्टीने महत्त्वाचा आहे, आणि २०१४मध्ये अरुण जेटलींनी सांगितलं की तो उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. पक्ष बदलले, उत्तर तेच राहिलं. हे मी समजू शकत नाही.

त्याच २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. त्यात एक नोंद आहे, जी वाचून कुब्रिकचं न्यायालय डोळ्यांपुढे उभं राहतं. संरक्षणमंत्र्यांच्या बैठकांचं इतिवृत्त ठेवायचं नाही असं ठरलं होतं, कारण विषय अतिगोपनीय! अहवाल लिहिणाऱ्या दोन सैनिकांनी यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि नमूद केलं की यामुळे शेवटी मोठ्या निर्णयाची जबाबदारी कुणावरच राहिली नाही. नोंद न ठेवणारं न्यायालय आणि इतिवृत्त न ठेवणारी बैठक ही सख्खी भावंडं आहेत.

आणि खाली काय होत होतं? १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथे १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीने शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिली. मध्ये डोंगर आडवा असल्याने आपल्या तोफांचा मारा तिथे पोहोचूच शकत नव्हता. मोजके जण वाचले. त्यांनी परत येऊन घडलेलं सांगितलं, तर त्यांच्यावर विश्वास बसेना. एवढी माणसं अशी लढून मेली असतील, हे वरच्यांना खरं वाटेना. १९६३च्या फेब्रुवारीत बर्फात गोठलेले देह मिळाले, हातात शस्त्रं तशीच. मग खात्री पटली. त्या तीन महिन्यांत त्या वाचलेल्या जवानांवर काय गुदरलं असेल? बिछान्यावरून हुकूम देणाऱ्याला पुरावा द्यावा लागला नाही. लढलेल्यांच्या बाजूने साक्ष द्यायला मेलेल्यांना बर्फातून वर यावं लागलं. या लढाईवर '१२० बहादूर' (२०२५) सारखे चित्रपट निघाले, निघायलाच हवेत. या तीन महिन्यांवर संपूर्ण चित्रपट मला पाहायचाय.

आपल्याकडे असा प्रयत्न अगदीच झाला नाही असं नाही. स्वदेश दीपक यांच्या 'कोर्ट मार्शल' या हिंदी नाटकात रामचंदर हा सवार दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडतो. एक मरतो. खटला जसजसा पुढे जातो तसतसं कळत जातं की त्याला जातीवरून सतत हिणवलं जात होतं आणि तक्रार करायला जागा नव्हती. तेच बीज 'शौर्य' (२००८) या चित्रपटात दिसतं, पण तिथे आरोपी शिपाई नाही, कॅप्टन आहे, आणि जातीचा धागा गळाला आहे. के के मेननचा ब्रिगेडियर थरकाप उडवतो. तरी प्रेक्षक घरी जातो तो सुटल्यासारखा होऊन: एक विखारी माणूस होता, तो उघडा पडला. कुब्रिक ही सुटका देत नाही. त्याच्या चित्रपटात मिरो उघडा पडतो, पण त्याला उघडा पाडतो तो ब्रूलार. हसतमुख, सुसंस्कृत ब्रूलार, ज्याने सगळ्याला सुरुवात केली. तो मिरोला अलगद बाजूला काढतो आणि त्याची जागा डॅक्सला देऊ करतो. तुम्ही हे सगळं बढतीसाठीच केलंत ना, असं त्याला मनापासून वाटतं. डॅक्सचा राग पाहून त्याला डॅक्सची कीव येते.

लष्करावर चित्रपट काढणाऱ्याला आपल्याकडे आधी रणगाडे आणि छावण्यांसाठी परवानगी लागतेच. जुलै २०२०मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला कळवलं की लष्करी विषयांवरचे चित्रपट आणि वेब मालिका दाखवण्याआधी मंत्रालयाचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला निर्मात्यांना सांगावं. ज्याच्या चुकीवर चित्रपट आहे त्याचीच ना हरकत! गणवेशाची टिंगल थांबवायची असेल तर त्यासाठी कायदे आहेत. या अटीतून जो चित्रपट पार होईल त्यात शत्रू क्रूर असेल, जवान शूर असेल आणि हुकूम आकाशातून आलेला असेल.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: अशा गोष्टींनी जवानांचं मनोबल खचतं. मला हे उत्तर जवानांचा अपमान करणारं वाटतं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांतून माणूस सैन्यात जात राहिला. अशा गावात मनोबल चित्रपटावर अवलंबून नसतं. मुलगा भरतीला निघतो तेव्हा त्याच्या आईबापांना एवढंच हवं असतं की याच्यावर हुकूम सोडणारा माणूस विचार करणारा असावा, आणि तो चुकला तर त्यालाही कुणीतरी विचारावं. आपल्या सेना कायद्यात हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, पण तो हुकूम कायदेशीर असावा लागतो. हा एक शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे.

हेंडरसन ब्रूक्स अहवाल खुला करा, ही मागणी जुनी आहे, तरी पुन्हा करतो. नामका चूच्या काठी उभ्या असलेल्यांपैकी आज हयात असतील ते ऐंशी ओलांडून पुढे गेलेले असतील. ब्लाँश मोपासला निदान तिच्या हयातीत निकाल मिळाला.

'पाथ्स ऑफ ग्लोरी'च्या शेवटी तिघांना मारून झालेलं असतं. डॅक्सची माणसं एका खानावळीत दारू पीत गोंगाट करत असतात. एका जर्मन मुलीला मंचावर ढकलून आणलेलं असतं. तिला रडू आवरत नाही, शिट्ट्या थांबत नाहीत. ती तिच्या भाषेत गाऊ लागते. हळूहळू गलका शमतो, एकेक जण तोंडातल्या तोंडात तिच्यासोबत गुणगुणू लागतो, मिशाळ, सुरकुतलेल्या गालांवरून पाणी ओघळतं. बाहेर डॅक्स उभा असतो. सार्जंट येऊन सांगतो की पलटणीला ताबडतोब आघाडीवर परत जायचा हुकूम आलाय. त्यांना अजून काही मिनिटं राहू द्या, डॅक्स म्हणतो, आणि आपल्या खोलीकडे चालू लागतो.